'टेक' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व त्याचे अध्यापन

रोजच्या बोलण्यात व वाचनात पुनःपुन्हा भेटणाऱ्या इंग्रजी क्रियापदांत 'टेक' या क्रियापदाची गणना अग्रभागी करावी लागते. प्राथमिक शाळेत ते प्रथम शिकविले जाते तेव्हा फळ्यावर 'टेक म्हणजे घेणे' एवढेच लिहिले जाते आणि मुले ते तोंडपाठ करतात. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. एवढ्याच शिदोरीवर मूल वरच्या इयत्तांत गेले म्हणजे पाठ्यपुस्तकातील दर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापाशी ते अडखळते. मग दोष मुलाच्या बुद्धीला दिला जातो. वास्तविक दोष असतो तो एका शब्दाला एकच अर्थ असतो या समजुतीचा.

मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. त्यामुळे आज अनेक घरांत इंग्रजी अक्षरे वाचू शकणारी पहिली व्यक्ती म्हणजे पाचवी-सहावीतील मुलगा किंवा मुलगी होय. दवाखान्यातून आणलेल्या औषधाचे पाकीट आजी याच मुलाच्या हाती देते आणि काय लिहिले आहे ते विचारते. पाकिटावर 'टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे आफ्टर फूड' असे लिहिलेले असते. एक गोळी दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर, असा त्याचा अर्थ. 'घेणे' एवढाच शब्द ओळखून मुलाने बाकीचे अंदाजाने सांगितले तर दोन गोळ्या एकदम घेतल्या जाण्याचा संभव असतो. 'डू नॉट टेक' यातील 'नॉट' नजरेतून निसटला तर अर्थ उलटाच होतो. औषधाविषयीचा अंतिम शब्द डॉक्टरांचा हे मुलांना अवश्य सांगावे. तथापि वर्गातील एका शब्दाचा घराच्या उंबरठ्याआत किती संबंध पोहोचतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

मराठी कानाला 'टेक'

मुले शाळेत येतात ती रिकाम्या कानांनी येत नाहीत. 'टेक' हा ध्वनी त्यांच्या ओळखीचा असतो, पण निराळ्या अर्थाने. 'पाठ भिंतीला टेक', 'देवापुढे डोके टेक', 'ओझे जरा खाली टेक' ही वाक्ये त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असतात. म्हणून शिक्षकाने 'टेक द बॅग' असे म्हणताच एखाद्या मुलाने दप्तर उचलण्याऐवजी जमिनीवर टेकविले, तर त्यास हसू नये. मुलाने ऐकलेल्या ध्वनीला आपल्या भाषेतील अर्थ दिला, एवढेच घडले. दोन्ही शब्दांचा ध्वनी जवळचा असून अर्थ मात्र जवळजवळ उलट आहेत, ही गोष्ट पहिल्याच दिवशी कृतीने दाखवावी. मराठीतील 'टेक' म्हणताच दप्तर खाली ठेवावे, इंग्रजीतील 'टेक' म्हणताच ते उचलावे. हा खेळ दोन-तीन वेळा केला म्हणजे गोंधळ कायमचा मिटतो.

प्रमुख अर्थ

'टेक' या शब्दाचे शब्दकोशात दिलेले अर्थ पुष्कळ आहेत. प्राथमिक शाळेसाठी त्यांतील आठ प्रकार पुरेसे आहेत.

(१) हाती घेणे. 'टेक दिस पेन' म्हणजे हे पेन घे. हा मूळ अर्थ होय. तो कृतीनेच शिकवावा. भाषांतराची गरज नाही.

(२) नेणे. 'टेक द गोट टु द फील्ड' म्हणजे शेळी वावरात ने. येथे 'घे' असे भाषांतर केल्यास वाक्य लंगडे होते. बोलणारा जेथे आहे तेथून दूर वस्तू जात असेल तर 'टेक', आणि बोलणाऱ्याकडे येत असेल तर 'ब्रिंग'. हा भेद मराठी मुलाला नवीन नाही; 'ने' आणि 'आण' यांतील भेद तो दिवसातून वीस वेळा अचूक पाळतो. घोटाळा होतो तो 'घेऊन जा' व 'घेऊन ये' या प्रयोगांमुळे. दोहोंतही 'घेऊन' असल्याने मूल 'टेक अँड कम' असे म्हणून मोकळे होते. 'घेऊन ये' यास 'ब्रिंग' हा एकच शब्द पुरतो, हे ठसविले पाहिजे.

(३) औषध इत्यादींचे सेवन करणे. 'टेक युवर मेडिसिन' म्हणजे औषध घे. येथे मराठी व इंग्रजी यांचा मेळ बसतो. परंतु भाकरी खाण्यास 'टेक' लावू नये. तेथे 'ईट' हेच क्रियापद योग्य.

(४) वेळ लागणे. 'इट टेक्स ट्वेन्टी मिनिट्स' म्हणजे वीस मिनिटे लागतात. येथे 'घेणे' हा अर्थ मुळीच चालत नाही. 'मला शाळेत यायला वीस मिनिटे लागतात' या वाक्यातील 'मला', किंवा वऱ्हाडातील मुलाच्या घरच्या बोलीतील 'मले', हा शब्द वाक्याच्या आरंभी येतो. म्हणून मूल इंग्रजी वाक्यही 'टु मी' असे सुरू करू पाहते. इंग्रजीत मात्र आरंभी 'इट' येते आणि 'मी' क्रियापदानंतर येते: 'इट टेक्स मी ट्वेन्टी मिनिट्स टु कम टु स्कूल'. या 'इट' शब्दाला स्वतःचा अर्थ नाही; तो केवळ कर्त्याची जागा भरतो, एवढे सांगणे पुरे.

(५) परीक्षा देणे. हा प्रकार सर्वांत विलक्षण आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक परीक्षा 'घेतात'. इंग्रजीत नेमके उलट: विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतात. 'घेणे' एवढाच अर्थ पाठ केलेले मूल 'द स्टुडन्ट्स टेक अ टेस्ट टुडे' हे वाक्य वाचून आज विद्यार्थीच परीक्षा घेणार आहेत असे समजते. आणि 'मी परीक्षा दिली' हे इंग्रजीत सांगताना 'गिव्ह' वापरून स्वतःच शिक्षक होऊन बसते. यातील कोणतीही एक भाषा चुकीची नाही. मराठी मनुष्य परीक्षेत आपल्या ज्ञानाचे देणे पाहतो, इंग्रज त्याच प्रसंगी समोर आलेले आव्हान स्वीकारणे पाहतो. मराठीत 'परीक्षेला बसणे' असेही म्हणतात, आणि इंग्लंडमध्येही याच प्रसंगी 'सिट' हे बसण्याचे क्रियापद रूढ आहे. हे साम्य सांगितल्यास मुलांना मौज वाटते व भेदही ध्यानात राहतो.

(६) काढणे. 'टेक अ फोटो' म्हणजे फोटो काढणे. 'टेक ऑफ युवर शूज' म्हणजे पादत्राणे काढा. 'टेक आउट युवर नोटबुक' म्हणजे वही बाहेर काढ. तिन्ही ठिकाणी मराठीत 'काढणे' हे एकच क्रियापद येते. मेहकरच्या बालाजी मंदिरात किंवा लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात मुले गेलेली असतात. पादत्राणे बाहेर काढण्याचा त्यांचा अनुभव येथे उपयोगी पडतो.

(७) वजा करणे. 'टेक टू फ्रॉम फाइव्ह' म्हणजे पाचातून दोन वजा कर. इंग्रजीत दोन आधी येतात व पाच नंतर. मराठीत पाच आधी येतात. ज्या शाळांत गणित सेमी-इंग्रजी पद्धतीने शिकविले जाते, तेथे हा क्रम न समजल्याने मूल दोनातून पाच वजा करू पाहते आणि गणित येत नाही असा शिक्का त्यावर बसतो. उणीव गणिताची नसून 'फ्रॉम' या एका शब्दाची असते.

(८) वाहनाने जाणे. 'टेक द बस टु मेहकर' म्हणजे मेहकरला एस.टी.ने जा. बस हाती घ्यायची नाही, तिच्यात बसायचे आहे, हे सांगताच वर्ग हसतो. त्या हसण्याबरोबर अर्थही बसतो.

नामासह येणारे प्रयोग

कित्येकदा 'टेक' या शब्दाचा स्वतंत्र अर्थ जवळजवळ नाहीसा होतो आणि पुढील नामच अर्थ सांगते. मराठीतही असे पुष्कळ प्रयोग आहेत, व त्यांतील काहींचा इंग्रजीशी पूर्ण मेळ बसतो. काळजी घेणे म्हणजे 'टेक केअर', भाग घेणे म्हणजे 'टेक पार्ट', विश्रांती घेणे म्हणजे 'टेक रेस्ट', शपथ घेणे म्हणजे 'टेक ॲन ओथ', सूड घेणे म्हणजे 'टेक रिव्हेंज'. ही साम्ये आधी शिकवावीत, म्हणजे मुलांचा धीर वाढतो.

त्यानंतर जेथे मेळ बसत नाही ते प्रयोग घ्यावेत. 'टेक अ बाथ' म्हणजे आंघोळ करणे. 'टेक प्लेस' म्हणजे घडणे किंवा पार पडणे. जागा घेणे नव्हे. 'टेक अ सीट' म्हणजे बसा. गावातून शहरात नोकरीच्या मुलाखतीसाठी गेलेल्या तरुणास हे शेवटचे वाक्य पहिल्याच क्षणी ऐकावे लागते. त्या क्षणी गोंधळून उभा राहिलेला तरुण पुढील प्रश्नांची उत्तरे माहीत असूनही चाचरतो. पाचवीच्या वर्गात हे वाक्य रोज पाहुण्याच्या स्वागताच्या नाट्यप्रवेशातून म्हणवून घेतले, तर ही वेळ येणार नाही.

'टेक' या शब्दाला लहानसा शब्द जोडूनही अर्थ पालटतो. 'टेक बॅक' म्हणजे परत घेणे. 'टेक डाउन' म्हणजे वरची वस्तू खाली काढणे, तसेच सांगितलेले लिहून घेणे. 'टेक आफ्टर' म्हणजे आईच्या किंवा वडिलांच्या वळणावर जाणे. 'टेक ऑफ' पादत्राणांसाठी वापरतात, तसेच विमान आकाशात झेपावते तेव्हाही वापरतात. हे सर्व एकाच दिवशी शिकवू नयेत. आठवड्यास एक किंवा दोन पुरेत.

जेथे 'घेणे' आहे पण 'टेक' नाही

याची दुसरी बाजूही शिक्षकाने ध्यानी ठेवावी. मराठीतील प्रत्येक 'घेणे' इंग्रजीत 'टेक' होत नाही. बाजारातून मीठ विकत घेतले, तर 'बाय'. पाहुण्याची भेट घेतली, तर 'मीट'. श्वास घेतला, तर 'ब्रीद'. हरवलेल्या वासराचा शोध घेतला, तर 'सर्च'. शेजाऱ्याची कुदळ दोन दिवसांसाठी मागून घेतली, तर 'बॉरो'.

'जेवून घे', 'वाचून घे', 'समजून घे' या प्रयोगांत तर 'घे' हे सहायक क्रियापद असते. काम स्वतःसाठी व पूर्णपणे करावे, एवढीच छटा ते देते. तेथे इंग्रजीत 'टेक' शब्दाला स्थान नाही. 'समजून घे' म्हणजे 'अंडरस्टँड', एवढेच. मराठी व्याकरणाच्या तासाला संयुक्त क्रियापद शिकविताना ही उदाहरणे घेतल्यास दोन्ही विषयांचा लाभ होतो.

रूपे

'टेक' याची पाच रूपे मुलांना आली पाहिजेत: टेक, टेक्स, टुक, टेकन, टेकिंग. भूतकाळी मुले 'टेक्ड' असे रूप करतात. ही चूक अज्ञानाची नसून नियम लावण्याच्या प्रयत्नाची आहे. लहान मूल 'ने'वरून 'नेला' ऐकते आणि त्याच धर्तीवर 'घे'वरून 'घेला' असे म्हणते. आई त्यास 'घेतला' असे शिकविते, रागावत नाही. शिक्षकानेही तीच रीत ठेवावी. 'घेला' चूक आणि 'घेतला' बरोबर, तसे 'टेक्ड' चूक आणि 'टुक' बरोबर, असे शेजारी शेजारी लिहून दाखवावे.

आणखी एक सोय आहे. मराठीत 'घेतला, घेतली, घेतले, घेतल्या' अशी रूपे कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतात व कर्त्याला 'ने' प्रत्यय लागतो. इंग्रजीत 'टुक' हे एकच रूप सर्वत्र चालते. मुलाने घेतले किंवा मुलीने, एक वस्तू घेतली किंवा दहा, 'टुक' बदलत नाही. या बाबतीत इंग्रजी मराठीपेक्षा सोपी आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. इंग्रजी म्हणजे सर्वस्वी कठीण, ही भीती अशा लहान लहान गोष्टींनी कमी होते.

शब्दाचा थोडा इतिहास

हा शब्द मुळात इंग्रजांचाही नव्हे. प्राचीन इंग्रजीत घेणे या अर्थी 'निमन' हे क्रियापद होते. जर्मन भाषेतील 'नेमेन' त्याचेच भावंड होय. डेन्मार्क व नॉर्वे या देशांतील लोक इंग्लंडमध्ये येऊन वसले, त्यांच्या बोलीतून हा शब्द इंग्रजीत आला आणि हळूहळू त्याने जुन्या शब्दाची जागा घेतली. जुन्या शब्दाची खूण आज 'नम' म्हणजे बधिर या शब्दात उरली आहे. ज्याची संवेदना घेतली गेली आहे तो 'नम'. मराठीने फारसी व कानडी शब्द आपलेसे केले, तसेच इंग्रजीनेही केले. भाषा देवाणघेवाणीने वाढते, कमी होत नाही, हा बोध यातून सहज होतो.

अशा थोड्या क्रियापदांवर इंग्रजीचा केवढा भार आहे, हेही पाहण्याजोगे आहे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची सोपी इंग्रजी मांडली. तीत त्यांनी केवळ १८ क्रियापदे ठेवली, आणि 'टेक' त्यांत होते. अनेक वर्षे बंगालमध्ये इंग्रजीच्या अध्यापनाचे कार्य केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शंभर अनोळखी शब्द पाठ करण्यापेक्षा असे एक क्रियापद सर्व अंगांनी आत्मसात करणे अधिक फलदायी, हे तत्त्व यामागे आहे. मराठीला मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ पासून लाभला असून त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये आला. शाळेच्या कपाटात एखादा चांगला कोश असल्यास वरच्या वर्गातील मुलांना त्यातील 'टेक' शब्दाखालील मजकूर किती लांबला आहे ते दाखवावे.

पाठाची मांडणी

पुढील मांडणी पाचव्या इयत्तेच्या दोन तासिकांसाठी सुचविली आहे.

पूर्वतयारी: एक दप्तर, रिकामे औषधाचे पाकीट, दहा चिंचोके, कागदी घड्याळ आणि एस.टी.चे जुने तिकीट एवढे साहित्य जमवावे. यासाठी पैसा लागत नाही.

विषयप्रवेश: दप्तराचा खेळ घ्यावा. त्यानंतर मुलांनी सकाळपासून काय काय घेतले, नेले व काढले, ते मराठीत सांगावे. उत्तरे फळ्यावर तीन रांगांत लिहावीत.

विवेचन: पहिल्या तासिकेत हाती घेणे, नेणे, औषध घेणे व काढणे हे चार अर्थ कृतीने शिकवावेत. दुसऱ्या तासिकेत वेळ लागणे, परीक्षा देणे, वजा करणे व बसने जाणे हे चार अर्थ घ्यावेत. वजाबाकीसाठी चिंचोके व वेळेसाठी घड्याळ वापरावे. प्रत्येक वाक्य शिक्षकाने म्हणावे, मग सर्वांनी, मग एकेका मुलाने.

उपयोजन: लोणारचे सरोवर २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. दूरदूरचे पर्यटक ते पाहण्यास येतात. एका मुलाने पर्यटक व्हावे आणि दुसऱ्याने गावकरी. 'कॅन यू टेक अस टु द लेक?', 'हाउ लाँग डज इट टेक?', 'मे आय टेक युवर फोटो?' या तीन प्रश्नांत 'टेक' शब्दाचे तीन निरनिराळे अर्थ येतात: नेणे, लागणे आणि काढणे. तिन्ही प्रश्न ज्याला उमगले त्याला पाठ उमगला असे समजावे. 'नो, थँक यू' असे सभ्यपणे नाकारण्यासही मुलांना शिकवावे.

स्वाध्याय

पुढील वाक्ये इंग्रजीत सांगावीत. बैल वावरात ने. पाण्याचा तांब्या घेऊन ये. मला एक तास लागला. उद्या आम्ही परीक्षा देणार आहोत. नवातून चार वजा कर. आईने बाजारातून गूळ घेतला. आजीची काळजी घे.

यांतील दुसऱ्या व सहाव्या वाक्यात 'टेक' येत नाही. जे मूल तेथे थांबून विचार करील त्याचे विशेष कौतुक करावे, मग त्यास अचूक शब्द आठवो वा न आठवो. दुसऱ्यात 'ब्रिंग' व सहाव्यात 'बॉट' येते, ते नंतर सर्वांनी मिळून सांगावे.

समारोप

शब्द म्हणजे कुलपाची एकच किल्ली नव्हे. मुलाच्या घरच्या बोलीत 'घे', 'ने', 'काढ', 'लाग', 'दे' ही सारी क्रियापदे आधीच सिद्ध असतात, आणि त्यांचा वापर ते बिनचूक करते. त्यांतील कोणते क्रियापद कोणत्या प्रसंगी 'टेक' या एका शब्दात सामावते, तेवढे दाखविणे हे शिक्षकाचे काम. म्हणून इंग्रजीच्या तासाला मुलाच्या बोलीस मज्जाव करू नये. तीच येथे पायरीचे काम करते. असे एक क्रियापद महिनाभरात पक्के झाले, तरी वर्षाअखेर दहा क्रियापदे पदरी पडतील. आजीच्या हातातील औषधाचे पाकीट वाचून 'एक गोळी, दोन वेळा, जेवणानंतर' असे जे मूल ठामपणे सांगेल, त्याच्यापुरता हा पाठ सफल झाला.